ताइस्तोंचा शनिवार

ताइस्तो राउतामा आमच्या वॉर्डात आले तेव्हा त्यांच्याजवळ एकच शब्द उरला होता. शनिवार.

मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली होती. उजवा हात लुळा पडला, तोंड एका अंगाला ओढलं गेलं आणि शब्द गेले. लिहिणंही गेलं. असं झालं की कुणाजवळ एखादी शिवी उरते, कुणाजवळ बायकोचं नाव. तोच शब्द का उरतो, ते आम्हा स्पीच थेरपिस्टांनाही नीट सांगता येत नाही. मला त्याचं कायम नवल वाटत आलंय.

ताइस्तोंनी उभं आयुष्य शर्यतीच्या घोड्यांना दुडकी चाल शिकवण्यात घालवलं होतं. उंच, हाडकुळा माणूस. पहिल्या दिवशी मी गिळणं तपासलं तेव्हा त्यांनी लापशी खाल्ली, काळ्या पावाचा तुकडा कॉफीत बुडवून खाल्ला आणि वर माझ्याकडे बघून "शनिवार!" म्हणाले. छान आहे, असंच काहीतरी म्हणायचं असावं. मी कागदावर 'गिळणं ठीक' लिहून निघून गेले.

पुढच्या आठवड्यात पाहते तर त्यांनी खाणंच सोडलेलं. कॉफी प्यायची, ताक प्यायचं, बस्स. चमचा जवळ आला की तोंड घट्ट मिटून घ्यायचे. आग्रह केला तर पेला, चमचा, कवळी, हाताला लागेल ते भिरकावून द्यायचे. नर्स बिचाऱ्या सगळं गोळा करून, धुऊन पुन्हा जागच्या जागी ठेवायच्या. शेजारच्या पलंगावरच्या उर्हो केत्तुलांशी तर उभा दावा. त्यांच्याकडे डावं बोट रोखून ओरडायचे, "शनिवार! शनिवार!" उर्हो भिडस्त माणूस, कमरेच्या हाडाचं ऑपरेशन होऊन पडलेले. ते भिंतीकडे तोंड करून घ्यायचे. शेवटी दोघांच्या मध्ये पडदा ओढून ठेवला.

डॉक्टर यार्को वेत्तेनरान्ता सकाळच्या फेरीला आले, पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले आणि मुख्य नर्स पाइविक्कीला विचारलं, "खातोय का काही?"

"कुठला! कालही थाळी तशीच परत गेली."

"चिडचिड?"

"आहेच. आता शेजाऱ्यावर."

"झटक्यानंतर मन खचतं. गोळी चालू करू. सोमवारी बायकोला बोलवा, अन्नासाठी पोटातून नळी घालायचं ठरवून टाकू. वजन फार उतरलंय."

हे सगळं ताइस्तोंच्या पायांवरून इकडून तिकडे चाललं होतं. मी दारात उभी होते. ताइस्तो एकदा डॉक्टरांकडे पाहात होते, एकदा पाइविक्कीकडे. डॉक्टर वळले तेव्हा ते हळूच म्हणाले, "शनिवार." कुणी थांबलं नाही. डॉक्टर वाईट नव्हते. त्यांच्यामागे अजून अर्धा वॉर्ड उरला होता. पण तो स्वर माझ्या कानात राहिला. तो चिडका नव्हता. दुकानात आपला नंबर आला आणि आपल्याला सोडून मागच्याला बोलावलं, तर माणूस जसं "अहो..." म्हणतो, तसा होता.

नळी घालायला माझी हरकत नव्हती. पण ज्या माणसाला गिळता येतं तो खात का नाही, हे मला कळेना, आणि कळल्याशिवाय चैन पडेना.

आधी मी शब्दामागेच गेले. शनिवार म्हणजे आमच्याकडे सौनाचा, वाफेच्या आंघोळीचा दिवस. घरोघरी लाकडं पेटतात. त्यांची बायको आउने एक दिवसाआड बसने यायची, तिला विचारलं.

"शनिवारी काय विशेष असायचं?"

"सौना. आणि शर्यती. आणि माझ्याशी भांडण," ती म्हणाली. "पण भांडण काय, रोजच असायचं."

मी डॉक्टरांची परवानगी काढली आणि शनिवारी ताइस्तोंना चाकाच्या खुर्चीतून तळमजल्यावरच्या सौनात नेलं. आच मंदच ठेवली होती. तापलेल्या दगडांवर पाणी पडलं, वाफ उठली, आणि ताइस्तोंनी डोळे मिटून असा सुस्कारा सोडला की मला वाटलं, जिंकलं! बाहेर आल्यावर मी मुद्दाम भाजलेलं सॉसेज आणलं होतं, मोहरीची चटणी लावून. त्यांनी ते हातात घेतलं. नाकाशी नेलं. ओठांना लावलं. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते बशीत परत ठेवलं.

मी तिथंच बाकावर बसले. मन खचलेला माणूस सॉसेज असं हुंगत नाही. या माणसाला भूक लागलेली होती. त्याला खायचं होतं, आणि काहीतरी त्याला खाऊ देत नव्हतं.

रविवारी माझी सुट्टी होती, तरी मी जेवणाच्या वेळी वॉर्डात गेले. पाइविक्की म्हणाली, "तुला घरदार नाही का गं?"

"आहे. पण तिथं कोडं नाही."

या खेपेला मी शब्द सोडून दिला आणि नुसती बोलण्याची चाल ऐकायचं ठरवलं. खुर्ची ओढून ताइस्तोंच्या डोळ्यांच्या पातळीला बसले.

"ताइस्तो, मी विचारते, तुम्ही सांगा. मला वेळ आहे. पाय दुखतो का?"

"शनिवार." सपाट. म्हणजे नाही.

"घरची आठवण येते?"

"शनिवार." येते, पण ते आत्ता नको.

"जेवण बेचव आहे?"

"शनिवाऽर..." आणि खांदा उडवला. आहेच, पण ते सगळ्यांनाच माहीत आहे.

मला हसू आलं, त्यांनाही. हसताना मात्र त्यांनी हात तोंडावर नेला आणि चेहरा आक्रसला.

"तोंडात दुखतंय?"

त्यावर त्यांनी "शनिवार!" असं म्हटलं की जणू हरवलेला घोडा सापडला. पण लगेच डाव्या हाताने पडद्याकडे बोट दाखवलं. मग स्वतःच्या तोंडाकडे. पुन्हा पडद्याकडे.

"उर्होंचा काय संबंध?"

"शनिवार, शनिवार, शनिवार!" हे मला उद्देशून होतं. अगं बाई, तेच तर सांगतोय!

मी पडदा सरकवला. उर्हो पाव सूपमध्ये भिजवून भिजवून मऊ करत होते. मला पाहून ओशाळले.

"उर्हो, माफ करा. ताइस्तोंना तुमच्याबद्दल काही सांगायचंय. तुम्हाला काही अंदाज आहे का?"

"मला वाटतं, त्यांना माझा आवाज सहन होत नाही," उर्हो पुटपुटले. "जेवताना माझे दात वाजतात ना. टकटक, टकटक. पूर्वी नव्हते वाजत. वॉर्डातल्या आंघोळीच्या दिवसापासून सैल झालेत."

"मग कुणाला सांगितलं नाहीत?"

"नर्सना केवढी कामं असतात. म्हटलं, म्हातारपणी हिरड्या झिजतात. उगाच कशाला..."

मी उर्होंकडे पाहिलं. मग ताइस्तोंकडे. शर्यतीच्या शेवटच्या वळणावर आपला घोडा पाहावा, तसे ताइस्तो माझ्याकडे बघत होते.

"उर्हो," मी म्हटलं, "जरा हसून दाखवता?"

ते बिचारे हसले. वरच्या दोन पुढच्या दातांमध्ये बारीकशी फट होती.

मी आउनेला फोन लावला. "ताइस्तोंच्या कवळीला पुढं फट आहे का?"

"आहे ना! मुद्दाम ठेवून घेतली. त्या फटीतून शीळ घालून घोड्यांना बोलवायचा. का गं?"

"आत्ता त्यांच्या तोंडात आहे तिला फट नाही. तुमच्या लक्षात आलं नाही?"

ती म्हणाली, "तोंड वाकडं झालंय ना त्याचं. मला वाटलं, आता माझा नवरा असाच दिसणार. मी निरखून बघायचंच सोडलं होतं."

आंघोळीच्या दिवशी दोन कवळ्या दोन सारख्या डब्यांत धुवायला गेल्या आणि परत येताना एकमेकांच्या पलंगावर पोचल्या. एवढंच झालं होतं. उर्होंच्या कवळीने ताइस्तोंच्या हिरडीला लाल चर पाडला होता. आणि इतके दिवस ताइस्तोंचे स्वतःचे दात शेजारच्या पलंगावरून, दुसऱ्याच्या तोंडातून त्यांच्याकडे बघून हसत होते. ते ओरडून सांगत होते, आणि आम्ही मध्ये पडदा लावला होता.

पाइविक्कीने दोन्ही कवळ्या औषधी पाण्यात बुडवल्या, घासल्या, पुन्हा बुडवल्या. उर्हो लाजेने अर्धे झाले होते. "तुमचे दात मी... अरे देवा," एवढंच म्हणत राहिले. हिरडी भरेपर्यंत थांबावं लागेल असं मी ताइस्तोंना सांगितलं, पण ते ऐकेनात. स्वतःची कवळी बसवली, जीभ फिरवून पाहिली आणि बारीक शीळ घातली. ओठ वाकडा असल्यामुळे निम्मी हवाच निघाली. मग त्यांनी उर्होंच्या थाळीतला भिजलेला पाव उचलून खाल्ला. उर्होंनी आपलं सूपही पुढं सरकवलं.

सोमवारी डॉक्टर आले तेव्हा पाइविक्कीने त्यांना दारातच सगळं सांगितलं. ते आत आले, पायथ्याशी न थांबता पुढं गेले आणि खुर्चीवर बसले.

"ताइस्तो, तुम्ही सांगत होतात आणि मी ऐकलं नाही. चुकलं माझं. नळीचं रद्द. गोळी बंद करायची का, तुम्हाला काय वाटतं?"

ताइस्तोंनी विचार केला. खरोखरच केला; असं कुणी विचारलं नव्हतं ना. मग ठामपणे म्हणाले, "शनिवार."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. "मला नका विचारू. त्यांना विचारा."

"म्हणजे बंद?" डॉक्टरांनी त्यांच्याकडे वळून विचारलं.

"शनिवार." सपाट.

"म्हणजे चालू ठेवू?"

त्यावर ताइस्तोंनी मान डोलावली. आम्ही तिघंही चकित झालो. मन खचलेलंही होतंच म्हणायचं. दातांचं कोडं सुटलं म्हणजे माणूस सुटला, असं नसतं.

ते वसंतात घरी गेले. शब्द फारसे परत आले नाहीत. उन्हाळ्यात तपासणीला आले तेव्हा आउने गाडी चालवत होती आणि रस्ता चुकल्यामुळे दोघं उशिरा पोचले. माझ्या खोलीत शिरले तेच भांडत.

"तळ्याकडून वळायचं होतं, हे तू आधी सांगायचंस!" आउने.

"शनिवार!"

"हो, सांगितलंस, पण वळण गेल्यावर!"

"शनिवार, शनिवार."

"पेट्रोल पंपापाशी? तेव्हा तू त्या गाडीवाल्याला शिव्या घालत होतास."

"शनि-वार." तुकडे तोडून, सावकाश.

आउने थांबली. आठवून पाहिलं. पर्स मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बरोबर आहे त्याचं. पंपापाशीच सांगितलं होतं त्यानं."