चौदाव्या पानावरचा पूल

पहिलीच्या अंकलिपीत चौदाव्या पानावर एक पूल आहे. दगडी, एकाच कमानीचा. खाली संथ पाणी आणि पाण्यात त्याच पुलाचे प्रतिबिंब. आमच्या आर्मेनियन लिपीत 'ओ' हे अक्षर कमानीसारखे असते आणि 'स' म्हणजे तीच कमान उलटी, वाटीसारखी. चित्रकाराने वरच्या कमानीवर 'ओ' बसवला आणि पाण्यातल्या कमानीवर 'स'. ते पान ज्याने पाहिले तो थोडा वेळ तिथेच थांबला.

वार्सेनिकही थांबली. मग म्हणाली, "पोरं बुडणार इथे."

लेनिनाकानच्या आमच्या शाळेत तिचा वर्ग माझ्या वर्गाला लागून होता. बावीस वर्षे तिने पहिलीलाच शिकवले. कोणत्या अक्षरामागून कोणते घ्यायचे, मुले कुठे अडखळतात, कोणता शब्द कोणत्या आठवड्यात आणायचा, हे सगळे ती वह्यांत टिपून ठेवी. अशा सात वह्या झाल्या होत्या. ती अंकलिपी त्या वह्यांतूनच उतरली होती. फक्त तिने 'ओ' सप्टेंबरात ठेवला होता आणि 'स' डिसेंबरात. चित्रासाठी म्हणून ते दोघे एका पानावर आले.

"मिसाक, पेला पालथा घातला तरी पेलाच असतो ना?" ती मला म्हणाली होती. "सात वर्षं मुलाला आपण हेच शिकवलं. आता एकदम सांगायचं, पालथा घातला की वेगळी वस्तू. त्याला वेळ नको? आधी कमान हातात मुरू दे. मग वाटी दाखव."

नवे पुस्तक आले त्या वर्षी माझ्या पहिलीच्या वर्गात बत्तीस मुले होती. डिसेंबर संपता संपता त्यांतली अकरा 'ओ' आणि 'स' यांची अदलाबदल करत होती. आदल्या वर्षी, जुन्या पुस्तकावर, दोन होती.

१९७४ च्या वसंतात पुस्तकाचे नाव राज्य पारितोषिकासाठी गेले. विज्ञान आणि कला या दोन्हींसाठी दिला जाणारा तो सोव्हिएत देशातला मोठा मान. शास्त्र आणि चित्र यांचा असा मेळ पूर्वी झाला नव्हता, असे शिफारशीत लिहिले होते. लेखक म्हणून सहाच नावे चालत. येरेवानच्या पाठ्यपुस्तक कचेरीचा प्रमुख गुर्गेन बाबलोयान, त्याचा उपप्रमुख, चित्रकार, एक भाषेचे प्राध्यापक आणि एक मानसशास्त्रज्ञ, ज्यांना मी कधी पाहिले नाही. सहावा हवा होता प्रत्यक्ष वर्गात शिकवणारा. तो मी झालो.

वार्सेनिक का नाही, हे कोणी विचारले नाही. तिच्या वडिलांना एकोणपन्नास साली सायबेरियात, अल्ताईला हद्दपार केले होते. सात वर्षांनी ते परत आले, पण ते निर्दोष असल्याचा कागद कधी आला नाही.

गुर्गेन, वार्सेनिक आणि मी अध्यापक विद्यालयात एका बाकावर बसलेलो. म्हणून तो स्वतः आला, वाईनची बाटली आणि पीचचा डबा घेऊन. तिच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघे बसलो. त्याने खिशातून एक कोरा कागद काढला.

"चार ओळी, वार्सेनिक जान. 'या पुस्तकाच्या लेखनावर माझा हक्क नाही, यादीबद्दल माझी तक्रार नाही.' तुझ्या अक्षरात. नियमच आहे तसा, ज्यांनी मदत केली त्या सगळ्यांकडून घेतोय."

"सगळे म्हणजे किती?"

गुर्गेन हसला. "तू."

"मग 'सगळे' कशाला म्हणतोस? एकवचन शिकवते मी तिसऱ्या आठवड्यात."

तिने पीच कापायला घेतले. मी टेबलावरच्या मेणकापडाकडे बघत होतो.

"मला नाव नको," ती म्हणाली. "खरंच नको. पदक लावून मी कुठे जाणार, मंडईत? पण पुढच्या आवृत्तीत चौदावं पान फोड. 'स' पुढे ने, चाळीस पानं पुढे. चित्र ठेव, वाटलं तर शेवटच्या पानावर ठेव, तोवर पोरांना दोन्ही येत असेल. एवढं कर, मी चार काय, दहा ओळी लिहिते."

"एवढंच? तुझं दुखणं मला लागो गं, हे तर मी मनावरच घेतलं होतं."

"मग तूही लिही. दुसऱ्या कागदावर."

गुर्गेनने माझ्याकडे पाहिले. "बघ मिसाक, एका बाकावर बसलेली माणसं आता एकमेकांकडून कागद मागायला लागली."

आणि मी म्हणालो, "लिहून टाक, वार्सेनिक. मी आहे ना साक्षीला."

तिने लिहिले. तिचे अक्षर फळ्यावर असते तसेच कागदावरही होते, सुटे आणि गोल.

नोव्हेंबरात पारितोषिक मिळाले. हॉटेलात मेजवानी झाली. रिवाजाप्रमाणे माझे पदक कोन्याक ब्रँडीच्या पेल्यात बुडवले आणि मी तो पेला एका घोटात संपवून पदक दातांत धरून वर काढले. सगळे हसले. वार्सेनिकने शाळेतून तार पाठवली होती. तीत अभिनंदन होते आणि पुढे दोन शब्द होते: 'पान चौदा.'

नवी आवृत्ती आली. मुखपृष्ठावर पदकाचे सोनेरी चित्र होते. चौदाव्या पानावर पूल होता, पाणी होते, 'ओ' होता, 'स' होता.

मी येरेवानला गेलो. गुर्गेनने दार लावून घेतले.

"अरे, विचार कर. समितीने जे पान डोक्यावर घेतलं तेच काढायचं? म्हणजे राज्याने चुकीला पारितोषिक दिलं असं होईल. आता ते पुस्तक आपलं राहिलं नाही. त्यातला स्वल्पविराम हलवायचा तरी लेखकांचा अर्ज लागतो, आणि तो वर जातो."

"कोणत्या लेखकांचा?"

"सहातल्या कोणाचाही. तूही देऊ शकतोस." त्याने टेबलावरचा कागद माझ्याकडे सरकवला. "देतोस?"

मी टोपी उचलली.

वार्सेनिकला मी सांगितले की विषय चालू आहे. तिने पुन्हा विचारले तेव्हा पुन्हा तेच सांगितले. तिसऱ्यांदा तिने विचारले नाही. पिठाची खळ करून तिने तिच्या वर्गातल्या छत्तीस पुस्तकांतली चौदावे आणि पंधरावे ही पाने एकमेकांना चिकटवून टाकली आणि 'स' डिसेंबरपर्यंत फळ्यावर येऊ दिला नाही. फेब्रुवारीत तपासनीस आला. पारितोषिकप्राप्त पुस्तकाची नासधूस, असा शेरा पडला. तिला पहिलीवरून काढून ग्रंथालयात बसवले. पुढच्या सप्टेंबरात तिच्या वाटणीची नवी मुलेही माझ्या वर्गात आली.

त्यांत सोसे नावाची एक मुलगी होती. गालांवर खपल्या, केसांना पांढरी रिबीन, आणि हात सतत वर. आमच्या लिपीत तिच्या नावाची पहिली तीन अक्षरे, स-ओ-स, म्हणजे वाटी, कमान, वाटी. ती लिहायची कमान, वाटी, कमान. ऑक्टोबरपासून मी तिच्या मागे लागलो होतो. आदल्या दिवशी बरोबर आले की दुसऱ्या दिवशी पुन्हा उलटे. वार्सेनिकला विचारावे असे रोज वाटे. ग्रंथालय जिन्याच्या वरच होते.

जानेवारीत मॉस्कोहून पाहुणे आले. पारितोषिक मिळवणारी पद्धत त्यांना वर्गात बघायची होती. गुर्गेन त्यांच्याबरोबर होता. मी चौदावे पान घेतले. चुकणार नाहीत अशी चार मुले मी आधीच ठरवली होती, त्यांनाच फळ्यापाशी बोलावले. सोसेचा हात सबंध वेळ वर होता.

पाहुण्यांपैकी एका बाईंनी रशियनमध्ये विचारले, "ती छोटी मुलगी? केव्हाचा हात वर आहे तिचा."

"हो, तिला बोलव की," गुर्गेन म्हणाला.

सोसे आली. टाचा उंचावून, जीभ दातांत धरून तिने आपले नाव लिहिले. सावकाश, ठळक, एकसारख्या उंचीचे. कमान, वाटी, कमान.

"काय लिहिलं तिने?" बाईंनी विचारले.

"तिचं नाव," मी म्हणालो.

त्यांना आमची लिपी येत नव्हती. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि बाकीच्यांनीही. गुर्गेनला येत होती. त्याने फळा वाचला, माझ्याकडे पाहिले आणि टाळ्या वाजवायला लागला. मग मीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी मी सोसेची वही घेतली आणि तिच्याजवळ खाली बसलो. तिचा हात हातात धरून वाटी काढून दाखवली.

तिने हात सोडवून घेतला.

"नाही मास्तर, हे चूक आहे," ती मला समजावत म्हणाली. "कालचं बरोबर होतं. तुम्हीपण टाळ्या वाजवल्या ना."