अठराशे चाळीसचं इंजेक्शन

अंबरीशला कुठलीही गोष्ट आधी वाचून काढायची खोड होती. घरात नवा टोस्टर आला तरी आधी पुस्तिका, मग पाव. त्यामुळे हॉलंडमधल्या नायमेखन शहरातल्या संशोधन संस्थेचं पत्र आलं, तेव्हा सोबतचं पाच पानी पत्रक त्यानं डिक्शनरी घेऊन शब्द न शब्द वाचलं आणि बायकोसाठी मराठीत उतरवून काढलं. आदल्या दिवशी भरपूर पाणी प्यावे. सकाळी तेलकट-तुपकट खाऊ नये, पण उपाशीही येऊ नये. पासपोर्ट आणावा. बोटातून थेंबभर रक्त तपासतील, मग एका हाताला सुई लावतील. यंत्र रक्त ओढून घेईल, त्यातला पिवळा प्लाझ्मा ठेवून घेईल आणि उरलेलं रक्त त्याच सुईतून परत अंगात सोडेल. पाऊण तास लागेल. ओठांना मुंग्या आल्या तर सांगावे.

मृणालिनीनं कागद दोनदा वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि एवढंच म्हणाली, की इतकं नीटनेटकं तर तू आपल्या लग्नाच्या याद्याही केल्या नव्हतास. दहा महिन्यांत ती पहिल्यांदाच थट्टा करत होती. अंबरीशला बरं वाटायला हवं होतं. वाटलं मात्र नाही.

आता हे प्रकरण काय, ते आधी सांगायला हवं. मृणालिनीचं रक्त निगेटिव्ह, अंबरीशचं पॉझिटिव्ह. अशा जोडप्याचं पहिलं मूल बापाचं रक्त घेऊन आलं, की त्या रक्ताशी वैर धरणारं काहीतरी आईच्या अंगात तयार होऊ शकतं. पहिल्याला त्याचा त्रास नाही, दुसऱ्याच्या मात्र ते मुळावर उठतं. तसं होऊ नये म्हणून बाळंतपणानंतर बहात्तर तासांच्या आत आईला एक इंजेक्शन देतात. एकच. संहिता झाली तेव्हा, म्हणजे शहाण्णव सालच्या मे महिन्यात, सांगलीच्या नर्सिंग होममध्ये ते मृणालिनीला दिलं होतं. डिस्चार्ज कार्डावर तिथल्या डॉक्टर चित्राबाईंच्या वळणदार अक्षरात तसं लिहिलेलंच होतं.

आणि तरी गेल्या नोव्हेंबरात, सव्विसाव्या आठवड्यात, दुसरं बाळ गेलं. लायडनच्या मोठ्या इस्पितळात नेऊन पोटातल्या पोटात त्याला दोनदा रक्त चढवलं. तिसरी खेप यायच्या आतच ठोके थांबले. मुलगा होता. श्रेयस नाव ठरलं होतं. बेस्ट गावातल्या त्यांच्या घरातली माळ्यावरची खोली पिवळ्या रंगानं रंगवून झाली होती, ती आता बंद असते. संहिता त्या दाराकडे न बघता जिना उतरते, आणि काही विचारलं तर डचमध्ये उत्तर देऊन मोकळी होते.

इंजेक्शन दिलं होतं तर असं झालं कसं? मृणालिनीनं ह्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच शोधलं. इंजेक्शन खराब निघालं असणार. मे महिना, सांगलीचं ऊन, सहा-सहा तास वीज नाही. चित्राबाईंच्या फ्रिजमध्ये ते उकडून निघालं असणार आणि बाईंनी बेधडक टोचलं असणार. चित्राबाई म्हणजे तिच्या आईच्या मैत्रीण, अर्ध्या गल्लीची बाळंतपणं केलेल्या. आता सत्तरीला आलेल्या. मृणालिनी दिवसातून एकदा तरी त्यांचा उद्धार केल्याशिवाय राहत नसे. सांगलीत वकिली करणाऱ्या तिच्या भावानं, दिलीपनं, ग्राहक मंचात दावा लावायचं पक्कं केलं होतं. पाच लाखांची नुकसानभरपाई. मुख्य साक्षीदार अंबरीश, कारण तेव्हा औषधांची धावपळ त्यानंच केली होती. प्रतिज्ञापत्राचा मसुदा ईमेलनं आला होता. सोमवारी सही करून पाठवायचा होता. आणि आज शुक्रवार.

अंबरीश मूग गिळून बसला होता. त्याला ठाऊक होतं, की चित्राबाईंचा फ्रिज निर्दोष आहे. ते इंजेक्शन त्या फ्रिजमध्ये कधी गेलंच नव्हतं.

नायमेखनची ही संस्था रक्तपेढी नव्हे. रक्तपेढीत फुकट द्यायचं असतं. कॉफी मिळते, वर एखादं बिस्किट. ही संस्था औषधं शोधणारी, आणि तिला मृणालिनीच्याच रक्तातलं ते वैरी द्रव्य हवं होतं. ज्या द्रव्यानं तिचं बाळ नेलं, त्याच द्रव्यापासून ते इंजेक्शन बनतं, दुसऱ्या बायांची बाळं वाचवायला. दैवाला काय म्हणावं! दर खेपेला वेळेचे आणि प्रवासाचे म्हणून साठ युरो देणार होते. मृणालिनीला पैशांचं काही नव्हतं. पत्र वाचून ती म्हणाली, की माझ्या अंगात हे विष असंच पडून आहे, निदान कुणाच्या तरी कामी येऊ दे.

डेन बॉशला गाडी बदलून दोघं दहाच्या सुमाराला पोचले. पत्रकातल्याप्रमाणे एकेक गोष्ट होत गेली. पासपोर्ट, वजन, रक्तदाब, बोटाला टोचणं. डॉक्टर तरुण होता, हळू बोलत होता. मलेरिया कधी झाला होता का, गोंदवून घेतलंय का, असे पन्नास प्रश्न झाले. मृणालिनीचं डच भाजीच्या दुकानापुरतं आणि इंग्रजी बोलायचं म्हटलं की तिच्या जिवावर येई, म्हणून अंबरीश मध्ये बसून इकडचं तिकडे करत होता. शेवटी डॉक्टरनं विचारलं, की आणखी मूल होऊ द्यायचा विचार आहे का, असेल तर आम्ही तुम्हाला घेऊ शकत नाही.

अंबरीश अडखळला. मराठीत हे कसं विचारायचं ते त्याला सुचेना. पण ‘मूल’ ह्या अर्थाचा डच शब्द गेल्या वर्षात तिनं शंभरदा ऐकला होता.

"नेय," ती स्वतःच म्हणाली. नाही.

डॉक्टरनं चौकटीत फुली मारली आणि पान उलटलं. तेवढ्यात संपलं ते.

मग आतल्या खोलीत, आरामखुर्चीसारख्या लांबलचक खुर्चीवर तिला निजवलं. नर्स चांगली साठीची, उंच, पांढऱ्या केसांची होती; तिचं इंग्रजी ‘ओके’पाशी सुरू होऊन तिथेच संपत होतं. सुई लावताना तिनं मृणालिनीच्या कपाळावर हात ठेवला, हे काही पत्रकात नव्हतं. यंत्र घरघरायला लागलं. थोड्या वेळानं पिशवीत फोडणीच्या तेलासारखा पिवळट प्लाझ्मा थेंब थेंब जमायला लागला. मृणालिनी मान वळवून एकटक तिकडेच बघत होती.

नर्सनं सांगितलं, की यातून किती तरी आयांची इंजेक्शनं होतील. अंबरीशनं भाषांतर केलं.

मृणालिनी म्हणाली, "तिला विचार, ते इंजेक्शन फ्रिजबाहेर राहिलं, तर वाया जातं का?"

झालं! हा प्रश्न दिलीपसाठी होता, दाव्यासाठी होता. न विचारून चालणार नव्हतं. अंबरीशनं विचारलं. नर्सनं त्याच्याकडे पाहिलं, मग मृणालिनीकडे पाहिलं. बाईच्या लक्षात आलं असावं. ती खुर्चीच्या कडेला टेकली आणि सावकाश बोलली. उन्हानं खराब होऊ शकतं, हे खरं. पण अगदी वेळेवर, चांगलं इंजेक्शन देऊनसुद्धा हजारात एखादीच्या बाबतीत ते चालत नाही. का, ते आम्हालाही ठाऊक नाही. त्यात कुणाची चूक नसते.

अंबरीशच्या छातीवरचा धोंडा कुणी अलगद उचलावा तसं झालं. ह्यातला एक शब्दही खोटा नव्हता, आणि त्याच्या पदरचा तर मुळीच नव्हता. त्यानं सगळं जसंच्या तसं मराठीत सांगितलं. शेवटचं वाक्य दोनदा सांगितलं.

मृणालिनीचे डोळे भरून आले. एक हात सुईला बांधलेला, दुसऱ्यानं ती डोळे पुसत राहिली. ती म्हणाली, की दहा महिने त्या म्हातारीला मी नाही नाही ते बोलले रे. दिलीपला आजच फोन कर, म्हणावं दावाबिवा काही नको. मी चित्राबाईंना पत्र लिहिते, माफी मागते. कुणाची चूक नाही म्हटल्यावर भांडायचं तरी कुणाशी!

अंबरीश सुटला होता. चित्राबाई सुटल्या होत्या. प्रतिज्ञापत्र सुटलं होतं. आता त्यानं फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात तर तो दहा वर्षांचा तयार गडी होता.

मृणालिनीनं मोकळा हात पुढे करून त्याचा हात धरला. गार पडला होता तिचा हात, परत येणारं रक्त गार असतं म्हणून.

"आणि तू," ती म्हणाली, "त्या दिवशी भर उन्हात तू सांगलीभर हिंडलास ना, त्या इंजेक्शनसाठी. मी कधी तुला त्याबद्दल काही म्हटलंच नाही."

हे मात्र त्याला सोसवलं नाही. तिनं शिव्या घातल्या असत्या तर तो तसाच बसून राहिला असता. दहा वर्षं तेच तर करत होता.

"मृणाल," तो म्हणाला, "ते इंजेक्शन मी आणलंच नव्हतं."

मग त्यानं सगळं सांगितलं, मान खाली घालून, धडा म्हटल्यासारखं. इंजेक्शन बाहेरून आणायचं होतं. औषधवाल्यानं अठराशे चाळीस सांगितले, कोल्हापूरहून मागवतो म्हणाला, उद्या सकाळी या. खिशात बावीसशे होते. पण मुलगी झाली म्हणून आनंदात गल्लीभर पेढे वाटले, चांदीची वाटी-चमचा घेतला. नवा जावई, लोक काय म्हणतील! सकाळी खिशात चारशेही नव्हते. सासऱ्यांकडे मागायला हवे होते. त्यांनी एका शब्दावर दिले असते. पण जावयानं बायकोच्या बाळंतपणात सासऱ्यापुढे हात पसरायचा, ह्याची त्याला लाज वाटली. मनाला समजावलं, की ही तर ठणठणीत आहे, ताकदीचंबिकदीचं असेल, डॉक्टर लिहितातच असलं काहीबाही. तिसऱ्या दिवशी दारात चित्राबाई भेटल्या, घाईत होत्या. इंजेक्शन झालं ना, म्हणाल्या. तो हो म्हणाला, सिस्टरनी दिलं म्हणाला. त्या तीन दिवसांत तिला इतक्या सुया टोचल्या होत्या, की कुठली कशाची हे तिलाही कळायचं कारण नव्हतं. बाईंनी जावयाच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि कार्डावर लिहिलं. त्यांची चूक म्हणायची तर एवढीच. पुढे त्यानं कुठेतरी वाचलं ते इंजेक्शन कशाचं होतं ते, तेव्हा संहिता दीड वर्षाची होती. तेव्हाही तो बोलला नाही. दुसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हाही नाही.

यंत्र टीं टीं करून ओरडायला लागलं. नर्स लगबगीनं आली. मृणालिनीनं सुई लावलेल्या हाताची मूठ इतकी आवळली होती, की रक्त अडलं होतं. नर्सनं एकेक बोट सोडवलं आणि विचारलं, की त्रास होतोय का, थांबवायचं का.

मृणालिनीला कळलं. तिनं मान हलवली. "नेय," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "तू बाहेर बस."

अंबरीश बाहेर जाऊन बसला. समोरच्या भिंतीवर हसऱ्या बाळांचे फोटो लावले होते, बाळं वाचलेल्या आयांनी पाठवलेले. त्यानं नजर फिरवली. मन हलकं होतं म्हणे माणसाचं, सगळं सांगून टाकल्यावर. त्याचं तसं काही झालं नाही. आत एकटी पडलेली मृणालिनी काय विचार करत असेल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं, आणि आत जाण्याचा अधिकार आपण गमावलाय हेही त्याला कळत होतं.

अर्ध्या तासानं ती आली. कोपराला पट्टी, चेहरा पांढराफटक. नर्सनं तिला दूध आणि केक दिला होता, तो तिनं निमूट खाल्ला असावा. पत्रकात लिहिलं होतं, खाल्ल्याशिवाय उठू नये. टेबलापाशी तिनं सही केली आणि साठ युरोंचं पाकीट घेतलं. मग ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"केवढ्याचं होतं म्हणालास?"

"अठराशे चाळीस."

तिनं पाकीट त्याच्या हातात दिलं. चिडून नाही, टोमणा मारून नाही. एखादीनं नवऱ्याला वाण्याकडे पिटाळावं तितक्या साध्या आवाजात ती म्हणाली, "मग हे पुरतील. जा, घेऊन ये."

"मृणाल..."

"जा ना. मी थांबते."

ती बाकावर बसली. पट्टी बांधलेला हात तिनं मांडीवर घेतला आणि दाराकडे बघत ती खरोखरच वाट पाहू लागली.