जादा नर्स मंजूर

"आणखी एक गळाला लागला!" सरांनी टेबलावर थाप मारली, तशी प्रयोगशाळेतली सगळी पोरं संगणकाच्या पडद्याभोवती गोळा झाली.

खिडकीही खुर्ची सरकवून पुढे वाकली. खिडकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीमागे ती इतकी वर्षं बसत होती, की मुलांच्या वॉर्डच्या मोठ्या सिस्टरांनी एकदा गमतीने "ए खिडकी" अशी हाक मारली आणि ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. नवराही लाडात आला की तेच म्हणायचा. वर्गातली पोरं मात्र तिला काकू म्हणत. सायबर सुरक्षेच्या पदव्युत्तर वर्गात, शनिवार-रविवारी, पोराच्या वयाच्या मुलांशेजारी बसणारी ती एकटीच.

हे शिक्षण तिने हौसेने घेतलं नव्हतं. एका सकाळी रुग्णालयातले सगळे संगणक बाहेरून कोणीतरी बंद पाडले होते. कुठल्याशा कर्मचाऱ्याने खोट्या ईमेलवर पासवर्ड टाकला, एवढंच निमित्त. त्या दिवशी एक बाप तापाने फणफणलेली मुलगी कडेवर घेऊन खिडकीशी उभा होता. मुलीला कुठलं औषध चालत नाही हे त्या बंद संगणकात होतं, आणि बापाला काही केल्या ते नाव आठवत नव्हतं. मुलगी वाचली. पण "बाई, बघा ना, तुमच्याकडे असेल" हे त्याचं बोलणं खिडकीच्या कानातून जाईना. त्याच वर्षी तिने प्रवेश घेतला.

आता शेवटचा प्रबंध चालू होता. रुग्णालयाच्या संचालकांची परवानगी घेऊन कर्मचाऱ्यांना खोट्या ईमेल पाठवायच्या आणि किती जण फसतात ते पाहायचं. कोणाचं नाव बाहेर येणार नाही, फक्त आकडे. आणि सगळे निकाल हाती येईपर्यंत फसलेल्यालाही काही सांगायचं नाही, नाहीतर तो दुसऱ्यांना सावध करायचा.

तिची पहिली ईमेल साफ आपटली होती. "आपला पासवर्ड संपत आला आहे" असल्या मजकुराकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

"अहो, ही वाचून मलाच जांभई आली," सर म्हणाले होते. "आमिष असं हवं की माणसाला ते खरं असावंसं वाटलं पाहिजे. तुम्ही आत काम करता. कोणाला काय हवंय, ते तुमच्याइतकं कोणाला माहीत?"

खरंच होतं ते. खिडकीशी येऊन सगळेच मन मोकळं करत. तिने जीव ओतून एकेका विभागासाठी वेगळी ईमेल लिहिली. रक्ततपासणीवाल्यांना नवा फ्रिज. स्वागतकक्षाला पंखा. आणि मुलांच्या वॉर्डच्या प्रमुख म्हणून मोठ्या सिस्टरांना, "आपल्या मागणीनुसार एक जादा परिचारिका मंजूर करण्यात येत आहे. खालील ठिकाणी पासवर्ड टाकून नेमणूक निश्चित करावी." कार्यालयाची भाषा तिला पाठच होती. लिहून झाल्यावर स्वतःवरच खूश होऊन तिने ती नवऱ्याला वाचून दाखवली, आणि तो म्हणाला, "बाई गं, उद्या मला रजा मंजूर झाल्याचं कळलं तर आधी तुला विचारीन."

आणि आता पडद्यावर मुलांचा वॉर्ड उजळला होता. "मोठ्या सिस्टरसुद्धा!" म्हणत तीही सगळ्यांबरोबर हसली.

सोमवारी दुपारी ती काही कामानिमित्त वॉर्डात गेली. दारातच धाकट्या नर्सने तिला मिठी मारली.

"खिडकीताई, कळलं का? आम्हाला माणूस मिळालं!"

"काय मिळालं?"

"माणूस! नर्स! किती वर्षं सिस्टर मागत होत्या. शेवटी झालं बाई मंजूर. मी निघाले, आताच्या गाडीने. बहिणीचं ऑपरेशन आहे, दोनदा रजा नाकारली होती मला. सिस्टर म्हणाल्या, जा आता, नवी पोरगी येतेय."

ती पिशवी खांद्याला अडकवून निघूनही गेली. खिडकी जागच्या जागी उभी राहिली. समोर आया नव्या नर्ससाठी कपाटाचा एक खण रिकामा करून पुसत होती. पुसता पुसता गुणगुणत होती. पलीकडून मोठ्या सिस्टर एका बाळाला खांद्यावर थोपटत आल्या आणि तिच्याकडे पाहून हसल्या. हे हसू तिने त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं.

फसलेला माणूस म्हणजे पडद्यावर उजळणारी एक ओळ, एवढंच तिच्या डोक्यात होतं. ओळ उजळल्यावर पुढे तो माणूस काय करेल, हे तिला सुचलंच नव्हतं.

निकाल यायचे होते. बोलायची मनाई होती. तरी तिने मोठ्या सिस्टरांना चादरींच्या खोलीत गाठलं.

"सिस्टर, ती ईमेल खरी नव्हती."

"कुठली गं?"

"नर्सची. मी लिहिली ती. माझ्या अभ्यासासाठी."

सिस्टर चादरीची घडी घालत होत्या. "काहीतरीच काय! ती कार्यालयातून आली. वर त्यांचं चिन्हही आहे."

"तशी दिसावी म्हणूनच तशी केली होती."

हातातली घडी अर्धवट राहिली. सिस्टर तिच्याकडे बघत राहिल्या. खिडकीला वाटलं, आता ओरडतील, हात उगारतील. तिला तेच हवं होतं.

"म्हणजे नर्स येणार नाही?"

"नाही."

"उशिरानेसुद्धा नाही?"

खिडकीने नकारार्थी मान हलवली. मग कसंबसं म्हणाली, "धाकटीला थांबवते. गाडी सुटली नसेल अजून."

"अजिबात नाही. तिच्या बहिणीचं ऑपरेशन काही खोटं नाही." सिस्टरांनी घडी पुरी केली, फळीवर ठेवली. "तिची पाळी मी करीन. तो पासवर्ड आता बदलावा लागेल ना? चल, कसा ते दाखव."

त्या संगणकापुढे बसल्या. खिडकी मागे उभी राहून सांगत गेली. नवा पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा सिस्टरांचं बोट थबकलं. मागे वळून त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "तू जरा तिकडे बघ."

तिने भिंतीकडे तोंड केलं. खिडकीच्या बाळंतपणात तिचा हात धरून रात्र काढणारी ही बाई. पाठीमागे एका बोटाने दाबलेली एकेक कळ वाजत होती.

"मुलांच्या वॉर्डचा निकाल काढून टाकते," शनिवारी वर्गात तिने सरांना सांगितलं.

सर चकितच झाले. "अहो, तोच तर तुमच्या प्रबंधाचा प्राण आहे! शिवाय नाव कुठे आहे त्यात?"

निकाल तसाच राहिला. संचालकांच्या दालनात सादरीकरण झालं, सगळे विभागप्रमुख जमले होते, वर्गातले सरही आले होते. खिडकीने आकडे सांगितले. पडद्यावर त्या ईमेल दाखवल्या. पंख्याला लोक खुदखुदले. जादा नर्स आली आणि संचालक मोठ्याने हसले.

"कमाल आहे! यावर विश्वास बसला? जादा नर्स, आणि तीही आपल्याकडे?" सगळं दालन हसलं. "कोण हो हे भाबडं माणूस?"

"नावं सांगता येत नाहीत, साहेब," ती म्हणाली.

मागच्या रांगेतली एक खुर्ची सरकली.

"मी," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "मला खरं वाटलं."

हसू जिथल्या तिथे विरलं. सिस्टरांनी पदराची पिन नीट केली. "वॉर्डात एकटीच पोरगी आहे, मला जायला हवं," एवढं बोलून त्या गेल्या. संचालक समोरचा पाण्याचा ग्लास उगाच फिरवत बसले.

"पुढे?" सर हळूच म्हणाले.

खिडकीने पुढचं काही दाखवलं नाही. पडद्यावरची पानं बदलायचं हातातलं यंत्र टेबलावर ठेवलं आणि ती बाहेर पडली.

वॉर्डात एक मुलगा किंचाळत होता. सिस्टर त्याच्या हातात शीर शोधत होत्या. धाकटीची जागा अजून रिकामी होती आणि दुसरी पोरगी पलीकडे सलाइनशी अडकली होती. खिडकी खाटेजवळ जाऊन उभी राहिली.

सिस्टरांनी मान वर केली नाही.

"दंड धर त्याचा," त्या म्हणाल्या. "इतका घट्ट नको."

तिने पकड सैल केली. मुलाने दुसऱ्या हाताने तिची बोटं गच्च आवळली, आणि सुई आत जाईपर्यंत सोडली नाहीत.