देवाच्या लोकरीतली सुरती

गंगेकाठच्या बालाजी घाटावरच्या आमच्या गल्लीत लक्ष्मीनारायणाचं छोटं देऊळ आहे. मार्गशीर्ष लागला की दोन्ही मूर्तींवर मिळून एक लोकरीची शाल पांघरतात. तिचं सूत घरी कातलेलंच हवं, असा इथल्या नऊ मराठी घरांचा नेम, म्हणून पाळी नऊ वर्षांनी येते. चौऱ्याण्णव साली आमची आली तेव्हा मला एकाहत्तरावं लागलं होतं. पुढच्या पाळीपर्यंत मी राहीन, पण डोळे राहणार नाहीत, हे दिसतच होतं. या वेळचं सूत माझ्या हातचं व्हावं, एवढंच मनात होतं.

फाल्गुनात मेंढ्या कातरल्या तेव्हा दोन किलो पांढरी लोकर आणली. कोमट रिठ्याच्या पाण्यात नुसती बुडवून ठेवली. चोळली तर तंतू एकमेकांत घट्ट गुंतून तिचा नमदा होतो. सावलीत खडखडीत वाळवली. मळकी, ओलसर लोकर कसरीला फार आवडते आणि एकदा अळ्या झाल्या की त्या पावसाळाभर चरत बसतात. मग जुन्या धोतराच्या पिशव्या शिवल्या, प्रत्येकीत वाळका कडुनिंब आणि सुरतीची, म्हणजे खायच्या तंबाखूची, एक पुडी घातली आणि ट्रंक बंद केली. चिठ्ठी लिहून ठेवायला हवी होती. पण अक्षरं मी साठीनंतर शिकले, चिठ्ठीची सवय हाताला नव्हती.

घरात माझी धाकटी नणंद प्रभावती असते. वन्सं सोवळ्याला कडक. श्रावणापासून त्या जेवणानंतर मला विचारू लागल्या, "वहिनी, चूळ नीट भरलीत ना?"

"भरली हो. चार दात उरलेत, त्यांची एवढी काळजी?"

त्या पाण्याचा तांब्या पुन्हा माझ्यापुढे सरकवत.

दसऱ्यानंतर ट्रंक उघडली तर आतून एक पिवळट पाखरू उडालं. लोकरीत अळ्या वळवळत होत्या. सुरतीच्या पुड्या गायब, त्यांच्या जागी तुळशीच्या मंजिऱ्या.

"वन्सं, इथली सुरती?"

"गंगेत सोडली. देवाच्या लोकरीत लपवून खाता, वहिनी? दादाच्या घराची अब्रू म्हणून मी कुठे बोलले नाही."

"मी खाते?"

"मग काय लोकर खाते?"

"लोकरीला कसर खाते. तिला पळवायला ठेवली होती."

वन्सं ट्रंकेत डोकावल्या, एक पुंजका उचलून उजेडात धरला. मग पदर खोचून म्हणाल्या, "गच्चीवर चटई टाकते."

आश्विनाच्या उन्हात आम्ही लोकर पसरली, झटकली, पुंजका पुंजका निवडला. अळ्या पडल्या तशा चिमण्या जमल्या. कुरतडलेले आखूड तंतू टाकून दिल्यावर निम्मीच लोकर उरली. वन्संनी ती पिंजली, मी टकळीवर कातली, आणि दिवाळी उरकल्यावर वन्संनीच सुयांवर शाल विणायला घेतली. सूत माझंच, सगळं. फक्त शाल हातभर आखूड झाली.

देवळात ती पांघरली तर नारायण झाकला, लक्ष्मी अर्धी उघडी. वन्संचा चेहरा उतरला. नीलकंठभटजींनी दोन्हीकडून ओढून पाहिली, मग लक्ष्मीची मूर्ती उचलून नारायणाला अगदी खेटून बसवली.

"नेमात अंतर सांगितलेलं नाही," ते म्हणाले. "थंडीत असंच बसतात."

शाल पुरली. अजून दोघं तशीच बसलेली आहेत, उन्हाळ्यातसुद्धा.

माघात शाल धुऊन पाळीच्या घरी, म्हणजे आमच्याकडे, ठेवायला दिली. माझे गुडघे धरले होते, म्हणून वन्सं सुरती आणायला स्वतः निघाल्या. मी खिडकीतून पाहत होते. डोक्यावरून पदर नाकापर्यंत ओढून त्या कोपऱ्यावरच्या पानवाल्यासमोर उभ्या राहिल्या.

"चार पुड़िया सुरती."

"चूना भी दें, माताजी?"

"खाने की नहीं है. कपड़ों में रखनी है."

"हाँ माताजी," तो पुड्या बांधत म्हणाला, "सब यही कहते हैं."