गल्लीकडं तोंड

प्रज्ञेशनं हट्टा गावात बहिणीच्या घरी दिवसभर खपून होम थिएटर बसवलं. ज्यातून संवाद येतात तो सेंटर स्पीकर त्यानं टीव्हीखाली ठेवला, सोफ्यावर बसून त्याचा आवाज बाकीच्यांशी बराबर जुळवला आणि हात धुवायला गेला. परत येतो तर दाजींनी तोच स्पीकर उचलून खिडकीत मांडलेला, तोंड गल्लीकडं!

"दाजी, काहून?"

"नवं सामान घेतलंय, गल्लीला कळायला नको व्हय?"

गाढवापुढं वाचली गीता! विनोदी पिक्चर लागला. घरात नुसता गाण्याबजावण्याचा दणदणाट. टीव्हीवरची माणसं मुक्यासारखी तोंडं हलवून राहिली होती. बाहेर गल्ली मात्र पोट धरून हसत होती. प्रज्ञेश वैतागला.

"अक्का, हिरो काय म्हणला, कळलं का?"

"थांब," अक्का खिडकीशी गेली, "बाहेर पद्माबाई बसलीय, तिला विचारते."