बिनओठांचं यंत्र

आधीच सांगून ठेवतो पोरांनो, यावर तुमचा कोणाचा विश्वास बसणार नाही. मी तिथे नसतो तर माझाही बसला नसता. पण दिवसाला दोनशे सिगारेटी ओढणारा आणि जन्मात एकदाही न खोकलेला महात्मा मी या डोळ्यांनी पाहिला आहे. त्याला हात नव्हते, पाय नव्हते, नाक तर मुळीच नव्हतं. टेबलावर मावेल एवढी काचेची पेटी होती ती. आणि चाळीस शहाणीसुरती माणसं जेवणाचे डबे अर्धवट टाकून तिच्यासमोर आ वासून उभी होती.

इस्त्री करता करता सूनबाई म्हणाली, "बाबा, मागच्या खेपेला दीडशे होत्या."

मी म्हटलं, वय वाढलं की आठवण सुधारते.

तर हा कारखाना सोफे-खुर्च्यांचा. मी तेव्हा तिथे गाद्यांत काथ्या भरायचो. सांगाड्यावर कापड चढवायचं काम आमच्या मिस्त्रीकडे. या धंद्याची एक गंमत आहे. एका हाताने कापड ताणून धरायचं, दुसऱ्या हातात हातोडी. मग बारीक खिळे धरायचे कुठे? तोंडात. मूठभर खिळे गालात भरायचे, जिभेने एकेक ओठांत आणायचा, लोहचुंबकाच्या हातोडीने तो टिपायचा आणि ठोकायचा. आमचा मिस्त्री चाळीस खिळे तोंडात ठेवून मालकाला शिव्या द्यायचा, आणि त्या स्पष्ट ऐकू यायच्या. अशा माणसांचे ओठ म्हणजे पकड असते. सिगारेटसुद्धा ती तशीच धरतात. आत खोल, घट्ट, निम्मा फिल्टर तोंडात. हात मोकळे नसतातच, त्यामुळे पेटवली की संपेपर्यंत ती तिथेच.

मिस्त्रीची बायको त्याच कारखान्यात खिडकीपाशी बसून खोळी शिवायची. आम्ही सगळे तिला वहिनी म्हणायचो. मालकही म्हणायचा, पण जरा घाबरून. कापडाचा नवा तागा आला की वहिनी तो आधी खिडकीच्या उजेडाकडे धरायची. सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं तरी तागा परत.

मिस्त्रीला दिवसाला दहा सिगारेटी लागायच्या आणि त्याचा खोकला मजल्यावरच्या मशिनींपेक्षा मोठा होता. जिना चढताना तो मध्ये थांबून भिंतीवरचा रंग बघायचा. आम्हालाही कळायचं की रंगात बघण्यासारखं काही नाही. डॉक्टरांनी छातीला नळी लावून साफ सांगितलं होतं की अजून फुप्फुसं वाचतील, पण आता थांबला तर. वहिनीने त्याच्याशी भांडून, अबोला धरून, शेवटी मुलीच्या डोक्यावर हात ठेवायला लावून शब्द घेतला होता. एक तारखेपासून बंद. एक तारखेला चार दिवस उरले होते, आणि नेमका तेव्हाच हा महात्मा अवतरला.

त्याला घेऊन आला होता पांढऱ्या डगल्यातला एक विक्रेता. डॉक्टर नव्हता, पण डगला इतका कडक की आपणच त्याला जीभ दाखवावी असं वाटे. पेटीच्या तोंडाशी रबराची दोन भोकं. एकात नेहमीची सिगारेट, दुसऱ्यात कंपनीची नवी, 'झुळूक'. आतला पंप मिनिटाला एक झुरका घेई, बेताचा, सभ्य. धूर एका पांढऱ्या कागदी चकतीतून जाई. दोन्ही सिगारेटी संपल्या आणि विक्रेत्याने चकत्या बाहेर काढल्या. पहिली चकती चहाच्या चोथ्यासारखी. दुसरी जवळजवळ कोरी, जरा पिवळसर, बाळाच्या झबल्यासारखी.

पोटातून हुंकार निघाला हो सगळ्यांच्या.

"मी काही सांगणार नाही," विक्रेता म्हणाला. "मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, विकायला आलाय. यंत्राला विचारा. त्याला पगार नाही, बायको नाही, मेहुणा नाही. ते खोटं बोलेल कशाला?"

काय जिभेला हाड होतं म्हणता? धूर तोच, चव तीच, फक्त त्यातलं पाप गाळून टाकलेलं, असं तो म्हणाला. शास्त्रज्ञांनी अकरा वर्षं झोप घेतली नाही म्हणाला. पॉलिशवाल्याने विचारलं, गाळलेलं पाप जातं कुठे? त्यावर विक्रेता असा मंद हसला की पॉलिशवाल्यालाच आपल्या अडाणीपणाची लाज वाटली. मालकाने चकती भिंगाखाली पाहिली आणि मान डोलावली. भिंग उलटं धरलं होतं, पण मान बरोबर डोलावली.

मिस्त्रीने ती कोरी चकती हातात घेतली आणि त्याचे डोळे भरून आले. थट्टा करत नाही. ज्याला फाशीची तारीख मिळाली आहे त्याच्या हातात सुटकेचा कागद ठेवावा तसं त्याचं तोंड झालं. घरी गेल्यावर त्याने बायकोला सांगितलं की सोडायचा शब्द दिला होता तो विषासाठी. ही तर हवा आहे, हवा सोडायचा शब्द मी दिलेला नाही.

एक तारीख आली आणि गेली. तीन आठवडे कारखान्यात सगळे झुळुका ओढत होते. मिस्त्री दहावरून अठरावर गेला. हलकी आहे, म्हणायचा. जिन्यात आता तो दोनदा रंग बघू लागला.

चौथ्या आठवड्यात विक्रेता पुन्हा आला. खप वाढला होता, म्हणून त्याने आणखी मोठा प्रयोग आणला होता: चार रबरी तोंडं. पुन्हा गर्दी, पुन्हा ते मेहुण्याचं भाषण. सगळे चकत्यांकडे बघत असताना वहिनी मात्र पेटीखालच्या ताटलीतली थोटकं उचलून बघत होती. मग ती नवऱ्याच्या जागेवर गेली, त्याचा थोटकांचा डबा घेऊन आली आणि आपल्या मशिनीवर दोन रांगा लावल्या. मीही बघायला गेलो. यंत्राच्या थोटकाचं टोक बघावं तर मधोमध तपकिरी ठिपका आणि भोवती स्वच्छ पांढरं कडं. मिस्त्रीचं प्रत्येक थोटूक मात्र काठापासून काठापर्यंत तपकिरी.

"सिगारेट एकच, मग डाग दोन तऱ्हेचे का?" ती स्वतःशीच म्हणाली.

तिने एक कोरी झुळूक घेतली, पात्याने फिल्टरवरचा कागद उभा चिरला, सोलून काढला, आणि तीस वर्षांच्या सवयीने खिडकीकडे धरला. कागदात बारीक भोकांची एक सरळ ओळ होती. सुईचीसुद्धा नव्हेत, त्याहून बारीक. फिल्टरच्या मध्यावर, गोल फिरवलेली.

ती गर्दीतून वाट काढत पुढे गेली आणि तिने विक्रेत्याला विचारलं, ही भोकं कशाला? विक्रेता म्हणाला, ती कागदाची जात आहे. वहिनी म्हणाली, कापडाची असली जात मी रोज परत पाठवते.

मग तिने खोळीच्या कामाची चिकटपट्टी घेतली, एका झुळुकेच्या त्या भोकांवर एक वेढा दिला आणि यंत्राच्या तोंडात खोचली. शेजारच्या तोंडात दुसरी झुळूक, पट्टीशिवाय. विक्रेता म्हणाला, यंत्र नाजूक आहे. मालक, भिंग खिशात घालत, म्हणाला, होऊ दे. पंप चालला. झुरक्यामागून झुरका. चकत्या निघाल्या तेव्हा एक कोरीच होती. पट्टीवालीची चकती चहाचा चोथा.

"पाप गाळलं नव्हतं," वहिनी म्हणाली. "भोकांतून बाहेरची हवा आत घेतली, आणि यंत्राला अर्धा धूर, अर्धी हवा पाजली. दुधात पाणी घालून म्हणायचं, बघा, साय किती हलकी."

विक्रेता ताठ झाला. तो म्हणाला, यात खोटं काय आहे? यंत्राने जे ओढलं तेच चकतीवर आलं. भोकांवर पट्टी लावून सिगारेट कोण ओढतं?

वहिनीने फक्त मागे बोट केलं. तिथे कापड चढवणारे सातजण ओळीने उभे होते, आणि सातांच्या ओठांत सात झुळुका, निम्मा फिल्टर आत, पकडीत धरल्यासारख्या. यंत्राला ओठ नव्हते. ते बिचारं टोकाला हलकेच धरायचं, भोकं उघडी राहायची. आमच्या लोकांनी ती भोकं पहिल्या दिवसापासून ओठांनी लिंपून टाकली होती.

तेव्हा पॉलिशवाला म्हणाला, मग सोपं आहे, आपणही टोकाला धरून ओढू. सगळ्यांना हायसं वाटलं. विक्रेत्याला तर सगळ्यात जास्त. तो लगेच म्हणाला, अगदी बरोबर, वापरण्याची पद्धत चुकली एवढंच.

आणि मिस्त्री म्हणाला, "तशी धरली तर काही लागतच नाही हो. मी करून पाहिलंय. मग दम लावून ओढावी लागते, नाहीतर एकावर एक दोन ओढाव्या लागतात. म्हणून तर ओठात दाबतो."

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं. तो बायकोकडे बघत राहिला. तिने तो डबा उचलला, त्यातली उरलेली थोटकं केरात ओतली, आणि म्हणाली, "छातीला तलफेपुरतं हवंच असतं. ते ती कुठूनही वसूल करते. यंत्राला तलफ नाही, म्हणून ते फसलं. तुम्ही यंत्र नाही आहात."

मिस्त्रीने ओठातली सिगारेट काढली. फिल्टरचं टोक बघितलं, काठापासून काठापर्यंत. ती बुटाखाली विझवली, मूठभर खिळे गालात भरले आणि अर्धी राहिलेली खुर्ची पुढे ओढली. पुढचे तीन महिने तो दिवसभर खिळे चघळायचा, संध्याकाळी बायकोवर खेकसायचा, मुलीवर खेकसायचा, एकदा चक्क खुर्चीवर खेकसला. पण पेटवली नाही. नंतर जिना तो न थांबता चढायला लागला, असं म्हणालो तर ते खोटं होईल. एकदा थांबायचा. आधी दोनदा थांबायचा.

म्हणून सांगतो पोरांनो, चमत्कार दाखवणारा खोटंच बोलतो असं नाही. तो पुष्कळदा खरं बोलतो, फक्त ते दुसऱ्याच कोणाबद्दल असतं. चकती कोरी होती, खरं. यंत्र खोकलं नाही, तेही खरं. तेव्हा कोणी आकडा दाखवला, चकती दाखवली, डगला दाखवला, तर त्याला एवढंच विचारा: हे मोजलं कोणावर, आणि कसं? तो जसा ओढतो तसा मी ओढतो का? आणि तो मंद हसला तर तुम्ही लाजू नका. पॉलिशवाल्याचा प्रश्न अख्ख्या कारखान्यात सगळ्यात शहाणा होता.

विक्रेत्याचं काय झालं म्हणता? तो त्या संध्याकाळी भाड्याच्या खोलीवर गेला. दाराला आतून कडी लावली. डगला खुर्चीवर टाकला. भोकं त्याला ठाऊक होती हो. कंपनीने शिकवताना दाखवली होती आणि विषय काढू नका म्हणून सांगितलंही होतं. त्याला ती युक्ती फार हुशारीची वाटली होती. स्वतः तोही झुळूकच ओढायचा, बिनधास्त. त्याने एक पेटवली आणि आरशासमोर उभा राहिला. आपण ती कशी धरतो हे त्याने आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. दोन बोटं, बरोबर भोकांच्या ओळीवर. हात खाली आला नाही त्याचा, कितीतरी वेळ. छातीत काहीतरी थंडगार उतरल्यासारखं झालं त्याच्या, आणि मग...

सूनबाईने इस्त्री उभी ठेवली.

"बाबा, दाराला आतून कडी होती म्हणालात. खोलीत तो एकटा. मग त्याच्या छातीत काय उतरलं ते काथ्या भरणाऱ्याला कुणी सांगितलं? काथ्याबिथ्या तुम्ही कधी भरला नाहीत. तो डगलेवाला तुम्हीच."