उजव्या पायाचा साचा

कृष्णनाथाच्या खिशात दीड महिना एक कागद होता. त्यावर पेन्सिलीने ओढलेली त्याच्या लेकीच्या, संजनाच्या, उजव्या पायाची रेघ. डिचोलीच्या बाजारातून तिला चपला आणायच्या म्हणून त्याने वहीच्या पानावर पाऊल ठेवून माप घेतलं होतं. चपला यायच्या आधीच खनिजाच्या ट्रकाने शाळेच्या वाटेवर तिला चिरडलं. नऊ वर्षांची पोर.

कृष्णनाथ गॅरेजात ट्रकांवर नंबर रंगवी. पत्रा कापून साचा करायचा, ट्रकाच्या अंगाला दाबून धरायचा आणि वरून रंग फिरवायचा. ज्या ट्रकाने पोर नेली, त्याच्या मागच्या फाळक्यावरचा नंबरही त्याच्याच हातचा. सहा दिवसांत तो ट्रक पुन्हा धावायला लागला. पंचायतीने मग ‘सावकाश जा’ असा फलक लावला. वरातीमागून घोडं! फलकही आठ दिवसांत तांबड्या धुळीने माखला.

एका रविवारी ट्रक बंद असताना कृष्णनाथाने तो कागद पत्र्यावर ठेवून पाऊल कापलं. एकाच पायाचं माप होतं, म्हणून साचा उलटा करून तो डावा पाय उठवी. घराच्या फाट्यापासून संजना पडली त्या जागेपर्यंत रस्त्याच्या मधोमध त्याने पांढरी पावलं उमटवली. त्याची बायको देवकी रंगाचा डबा घेऊन मागून चालत होती. पावलं संपली तिथे ती खाली बसली.

"आता तरी बगतले मेले," ती म्हणाली.

आणि सोमवारी खरंच नवल झालं. पावलांपाशी आला की प्रत्येक ट्रक हळू होई आणि बाजू घेऊन जाई. एकही चाक पावलावर पडेना. कृष्णनाथाचा ऊर भरून आला. हयातीत जिला कुणी वाट दिली नाही, त्या पोरीला आता दहा टनांचे ट्रक वाट देत होते.

गुरुवारी सावंतवाडीकडचा ड्रायव्हर भिकाजी गॅरेजात आला. म्हणाला, "तुमच्या रस्त्यार कोणी लक्ष्मीची पावलां काढल्यानी हत. तेंच्यार चाक कसां घालू? कडेन काढतंय गाडी."

कृष्णनाथाच्या हातातला ब्रश थांबला. अनवाणी, लहान, पांढरी पावलं. ती लक्ष्मीची दिसणारच! आणि कडेने तर माणसं चालतात. हे त्याला तिथल्या तिथे कळलं, उगाच खोटं कशाला बोला. पण सांगितलं तर उद्यापासून चाकं संजनाच्या अंगावरून जातील. तो नंबर रंगवत राहिला.

शनिवारी सकाळी शेजारच्या नारायणाची बायको जानकी गवताचा भारा डोक्यावर घेऊन कडेने येत होती. भाऱ्यामुळे तिला मागचं दिसलं नाही. भिकाजीने पावलं चुकवली आणि जानकी चाकाखाली सापडली. लोक धावले तेव्हा तो गटाराशी बसून ऊर बडवत होता. "देवाक चुकवलंय रे, देवाक!" एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणे. पावलांवर एक डागसुद्धा नव्हता.

कृष्णनाथाने सगळ्यांदेखत ती पावलं संजनाची असल्याचं सांगितलं. गुरुवारची गोष्टही सांगितली. कुणी अंगावर आलं नाही. मारलं असतं तर बरं, असं त्याला वाटलं.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी नारायण दारात आला. देवकीने पाट मांडला, पण तो बसला नाही. पंच्यात गुंडाळलेली बायकोची चप्पल त्याने कृष्णनाथासमोर ठेवली.

"हिचीय काड रस्त्यार," तो म्हणाला. "एकच गावली. साचो परतून दुसरो पाय करतंस मा तू?"

कृष्णनाथाने मान हलवली. चपलेला अजून गवताची काडी चिकटलेली होती.

"चपलेसकट काड," नारायण म्हणाला. "देवाची दिसूक नको."